आधी डिस्क ताजी कर

अरे, दुकानात बसायला लागलास, तर पहिली गोष्ट कानात घालून ठेव. कुणाच्याही मशीनवर विंडोज टाकायच्या आधी हातातली डिस्क कुठल्या तारखेची आहे ते बघ. गिऱ्हाईक घाईत असतं, तुलाही पुढचं मशीन उघडायचं असतं, आणि ‘आत्ता टाकून देऊ, अपडेट होतील मागाहून’ म्हणत काम उरकलं जातं. हे मागाहून फार महागात पडतं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. ज्या भोकातून तो शिरायचा, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैतच काढला होता. पण लोकांच्या हातातली एक्सपीची सीडी होती २००१ ची. ती टाकून मशीन उभं करायचं, पॅच उतरवायला नेट जोडायचं, तर पॅच येईपर्यंत वर्म आत शिरलेला. पडद्यावर एक चौकट यायची, मशीन बंद होणार म्हणून, आणि साठापासून उलटे आकडे सुरू. एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली; ती चालू अवस्थेत मिळायला लागली ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. तेव्हापासून आमच्या पिढीने पॅच सीडीतच घालायची सवय लावून घेतली. अख्खी सीडी फोल्डरमध्ये उतरवायची, सर्व्हिस पॅकची फाइल ‘इंटिग्रेट’चा स्विच लावून त्या फोल्डरवर चालवायची, मूळ सीडीचा बूट सेक्टर काढून घ्यायचा आणि नवी सीडी राइट करायची. याला सगळे स्लिपस्ट्रीम म्हणत. यात दुसरंही काम साधायचं. पहिल्या सीडीला १६० जीबीची हार्ड डिस्क १२७ जीबीचीच दिसायची. सर्व्हिस पॅक १ घातलेल्या सीडीला ती पुरी दिसे.

आता पेनड्राइव्ह आला, पण काम तेच. सगळं विंडोज ‘सोर्सेस’ फोल्डरमधल्या ‘इन्स्टॉल.विम’ या एका फाइलीत बांधलेलं असतं. मीडिया क्रिएशन टूलने डिस्क केली असेल तर तिथे ‘ईएसडी’ फाइल मिळेल. तिच्यात अपडेट घालता येत नाहीत, आधी विंडोजमधल्या ‘डिझम’ या कमांडने तिची विम करून घे. मग विममध्ये कुठल्या एडिशन आहेत ते विचार. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो अशी यादी येते, प्रत्येकीला नंबर असतो. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर सिंगल लँग्वेजचं लायसन्स असतं. प्रोमध्ये अपडेट घालून ठेवल्या आणि टाकली सिंगल लँग्वेज, तर सगळी मेहनत पाण्यात.

हवा तो नंबर रिकाम्या फोल्डरवर माउंट कर. हा फोल्डर एसएसडीवर असू दे, पेनड्राइव्हवर अजिबात नको. मग क्रम सांभाळ, या कामात सगळा खेळ क्रमाचा आहे. भाषेचा पॅक घालायचा असेल तर तो आधी, मग अपडेट. विंडोज ७ साठी मे २०१६ मध्ये मोठा एकत्रित रोलअप निघाला, केबी ३१२५५७४. त्याच्याआधी एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा भाग, केबी ३०२०३६९, घातलेला नसेल तर तो रोलअप बसतच नाही. विंडोज १० मध्ये २०२१ पासून स्टॅक आणि महिन्याची अपडेट हे दोन्ही एकाच फाइलीत येतात, तेवढा त्रास वाचला. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये मात्र चेकपॉइंटची नवी भानगड आहे: सप्टेंबर २०२४ ची केबी ५०४३०८० आणि ताजी अपडेट एकाच फोल्डरमध्ये ठेव आणि डिझमला ताज्या फाइलीचं नाव दे. मधली फाइल तो स्वतः उचलतो.

‘बूट.विम’ला विसरू नकोस. सेटअपचा पडदा तिच्यातून उभा राहतो, म्हणून सेटअपच्या वेळी लागणारा ड्रायव्हर तिथेही हवा. विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. नव्या बोर्डावर ती लावली की पहिल्याच पडद्यावर माऊस आणि कीबोर्ड दोन्ही मेलेले. आज तीच गत इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर होते. इंटेलचं व्हीएमडी हे स्टोरेज सांभाळणारं तंत्र चालू असतं, सेटअपला एसएसडी दिसतच नाही, आणि नवखा माणूस गिऱ्हाइकाला ‘तुमची डिस्क गेली’ सांगून मोकळा होतो. असं कधी कुणाला सांगू नकोस. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर बूट.विमच्या दुसऱ्या नंबरात आणि इन्स्टॉल.विममध्ये, दोन्हीकडे घाल, डिस्क दिसेल.

अनमाउंट करताना तो फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा ठेवू नकोस, नाहीतर काम अर्धवट अडकतं. मध्येच काही बिघडलं तर ‘कमिट’ करू नकोस, ‘डिस्कार्ड’ कर आणि पहिल्यापासून सुरू कर. अर्धवट बसलेली अपडेट दुरुस्त करण्यात दिवस जातो. हे काम चार्ज केलेल्या लॅपटॉपवर कर. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. शेवटी विम ४ जीबीच्या वर गेली तर ती फॅट३२ च्या पेनड्राइव्हवर मावणार नाही. डिझमनेच तिचे तुकडे कर, सेटअप ते वाचतो.

मूळ आयएसओ मात्र कधी हात न लावता बाजूला ठेव, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली आणि हॅश पडताळलेली. ‘हलकी केलेली’ विंडोज कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. त्यातून काय काढलंय, काय घातलंय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गिऱ्हाइकाच्या बँकेचा पासवर्ड त्याच मशीनवर टाइप होणार आहे.

केलेली डिस्क दुकानातल्या जुन्या मशीनवर एकदा पूर्ण टाकून बघ. नेटला लाव आणि पुढची अपडेट येते का, तेही तपास. याला कारण आहे. ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळातल्या अपडेट घालून केलेल्या २४एच२ च्या डिस्कमधून उभं केलेलं मशीन पुढच्या सुरक्षा अपडेट घेईनासं होऊ शकतं, हे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं. डिसेंबर २०२४ किंवा नंतरची अपडेट घालून डिस्क करा, असा उपाय सांगितला. म्हणजे बाहेरून ताजी दिसणारी डिस्कच मशीनचं दार बंद करून बसली होती. म्हणून प्रत्येक पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर महिना, वर्ष, एडिशन आणि बिल्ड नंबर लिही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नवी अपडेट येते, त्या आठवड्यात डिस्क नव्याने कर.

आणि आजच कपाट उघडून बघ. त्या दोन महिन्यांतली २४एच२ ची डिस्क निघाली तर पुसून टाक, आणि तिने ज्यांची मशीन लावली असतील त्यांना फोन करून बोलाव.