पिशवी तिच्याकडे, कढई माझ्याकडे

आमच्या घरी स्वयंपाक मी करतो आणि बाजार ही करते. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ओटा माझ्या वाट्याला आला. हिची नोकरी चालू आहे, येताना वाटेत मंडई लागते, म्हणून पिशव्या हिच्याकडे. ही वाटणी ऐकून लोक हसतात ते पुरुषाच्या हातातल्या झाऱ्याला. खरं हसण्यासारखं, आणि क्वचित रडण्यासारखं, दुसरीकडेच आहे. ज्या घरात आणणारं माणूस एक आणि शिजवणारं दुसरं, तिथे चूक बाजारात घडते आणि उघडकीला येते गॅसवर. तोवर वाणी विसरलेला असतो, आणणारं माणूस ऑफिसात असतं आणि पाहुणे दारात असतात. पिशवी बायकोकडे असो की नवऱ्याकडे, यात फरक पडत नाही. माझ्या मित्रांच्या घरी वाटणी उलटी आहे आणि रडगाणं हेच.

म्हणून एखादी वस्तू जोडीदारावर सोपवायची की नाही, हे ठरवताना मी एवढंच बघतो, की ती चुकीची आली तर ते कधी कळेल. पिशवी रिकामी करताना कळणार असेल तर खुशाल सोपवावी. कोथिंबीर पिवळी, टोमॅटो दबलेले, दुधाची पिशवी गळकी, हे लगेच दिसतं आणि नुकसानही दहा-वीस रुपयांचं. भाजीच्या बाबतीत तर मी तोंडच उघडत नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांगं हातात तोलून हलकं निघेल तेवढंच घ्यायचं, ही हिची विद्या. भाजीवाल्या मावशींसमोर भेंडी मोडायची माझी अजून हिंमत होत नाही. धास्ती असते ती उशिरा कळणाऱ्या चुकांची.

एका हिवाळ्यात लाल कांदा उतरला होता. हिने मार्केट यार्डातून अर्धी गोणी उचलली. कांदा काय दिसत होता! एकसारखा, घट्ट, तांबडालाल, आणि भाव असा की न घेणारा वेडा ठरावा. गॅलरीत पसरून ठेवला. संक्रांत झाली आणि त्याला कोंब फुटू लागले, मग तो बुडाशी मऊ पडला, मग वास सुटला. शेजारच्या वहिनींनी फार सभ्यपणे विचारलं, की तुमच्या गॅलरीत उंदीर वगैरे मेलाय का.

तो खरिपाचा हळवा कांदा. त्यात पाणी जास्त, वरची सालं कमी, मान जाड. असा कांदा आणावा आणि संपवावा, साठवू नये. त्याच्यामागून येणारा रांगडाही फार दम धरत नाही. साठवणीचा कांदा म्हणजे उन्हाळ. त्याचा मोठा हंगाम मार्च ते मे. रंगाने तो जरा फिका असतो, मान बारीक, अंगावर कोरड्या सालींचे थर. पूर्ण सुकलेला असेल आणि हवेशीर जागी पसरला, तर पावसाळा काढतो. विकणाऱ्याने हिला फसवलं नव्हतं. हिने विचारलं होतं, ‘कांदा चांगला आहे ना?’ चांगलाच होता. ‘टिकेल का?’ असं विचारलं असतं, तर बहुधा त्यानेच नको म्हटलं असतं. विक्रेते बरेचदा खरं बोलतात; प्रश्न मात्र नेमका हवा.

कांद्याची चूक महिन्याभरात कळली, मिरचीची वर्षभर पुरली. एप्रिलमध्ये आम्ही वर्षाचं तिखट करतो: बेडगी जास्त, संकेश्वरी थोडी. बेडगी मूळची कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचं मोल रंगाला, जाळ बेताचा. हिने ज्या दुकानातून आणली तिथे पोत्यावर ‘बेडगी’ लिहिलेलं होतं. मी बाहेरगावी होतो, मिरची परस्पर डंकीवर गेली आणि मी आलो तेव्हा तिखट डब्यात भरून तयार होतं. आमटीत नेहमीएवढं घातलं, तर रंग धड आला नाही आणि मुलगा पहिल्या घासाला उठून पाणी प्यायला गेला. अर्धं घातलं तर आमटी पिवळीच.

‘अहो, मिरचीवर काय जात छापलेली असते का?’ असं ही म्हणाली. तशी असते, सालीवर. बेडगीचं साल सुरकुतलेलं असतं, रंग गडद. गुळगुळीत, चकचकीत, सपाट सालीची मिरची कितीही लाल असली तरी ती बेडगी म्हणून घेऊ नये. पण दुकानदाराने पुढे केलेल्या मुठीत नेमक्या निवडक मिरच्या असू शकतात, म्हणून पोत्याच्या आतल्या बाजूला हात घालून बघावं. याला संकोच वाटत असेल तर वर्षाच्या तिखटाच्या फंदात पडू नये, दर महिन्याला थोडं विकत आणावं.

तांदळाचं प्रकरण याहून नाजूक, कारण तिथे वस्तू योग्य असूनही पदार्थ बिघडतो. मसालेभाताला जुना तांदूळ लागतो. तो पाणी जास्त पितो आणि शितं सुटी राहतात. नवा तांदूळ त्याच पाण्यात चिकट होतो, आणि मऊभाताला किंवा उकडीच्या मोदकांना तो चिकटपणाच हवा असतो. हिने एकदा सुरेख, सुवासिक, अगदी त्या हंगामाचा इंद्रायणी आणला. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची जात, आंबेमोहोराच्या गोतातली, त्यामुळे वास घरभर. मी त्याचा मसालेभात टाकला आणि वीस माणसांना तोंडल्यांची खिचडी वाढली. सासूबाई म्हणाल्या, ‘छान मऊ झालीय हो.’ आंबेमोहोराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. परप्रांतातला बारीक, वासाचा तांदूळही याच नावाने खपतो. तिथे ओळखीचा दुकानदार हीच खात्री, पाटी नव्हे.

सुटे पांढरे पदार्थ कोणावरच सोपवू नयेत, स्वतःवरही नाही. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा कागदाच्या पुडीत शेजारी शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, आणि धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड-घसा भाजतो. तुरटी आणि खडीसाखर यांचंही तेच. असल्या वस्तू बंद पाकिटातल्याच आणाव्यात आणि घरी ठेवतानाही डब्यावर नाव लिहावं.

पाकिटांबद्दल एवढंच, की आणणारा बहुधा किंमत बघतो आणि वजन गृहीत धरतो. पूर्वी बऱ्याच वस्तूंची मापं कायद्याने ठरलेली होती. 2022 मध्ये ते बंधन गेलं. आता किलोचं वाटणारं पाकीट 900 ग्रॅमचं असतं आणि लिटरची वाटणारी तेलाची पिशवी उचलून वाचली तर आकडा कमी निघतो. त्याच बदलात पाकिटावर एककाची किंमत छापणं आलं. किलोच्या आतल्या मालावर दर ग्रॅमला किती, वरच्या मालावर दर किलोला किती. बारीक अक्षरात असते, पण असते. ‘स्वस्त मिळालं’ हे वाक्य घरी येऊन म्हणण्याआधी ती ओळ वाचायची, एवढं आमचं ठरलं आहे. आइस्क्रीमच्या डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलंय का, हेही. तसं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतीचं तेल असतं.

आता आमच्या घरी जे चालतं ते सांगतो. यादीत जातीपेक्षा पदार्थ लिहितो. ‘जाड पोहे’ म्हटलं तर एका दुकानात एक मिळतात, दुसऱ्यात दुसरे. ‘कांदेपोह्यांचे’ किंवा ‘भाजक्या चिवड्याचे’ म्हटलं की वाणी बरोबर ते पोतं उघडतो. गूळही ‘पुरणपोळीचा’ किंवा ‘चिक्कीचा’ असा लिहितो, कारण चिक्कीचा गूळ पुरणात घातला तर पोळी चिवट होते आणि साध्या गुळाच्या वड्या घट्ट होत नाहीत. रवा, साबुदाणा, डाळ यांचे चिमूटभर नमुने छोट्या पुड्यांत घालून हिच्या पर्समध्ये असतात. वाण्यासमोर पुडी उघडायची, ‘असा द्या’ म्हणायचं. फोनवर फोटो काढून पाठवायचाही प्रयोग केला, पण फोटोत सगळे रवे सारखेच दिसतात. संपलेल्या पाकिटाचा फोटो मात्र उपयोगी पडतो.

दुसरं, आणलेल्या सामानाचा स्वयंपाक आणणाऱ्यानेही अधूनमधून करावा. रविवारचा भात आता हिच्याकडे आहे. वर्षानुवर्षं मी जुन्या-नव्याचं कीर्तन केलं त्याने जे झालं नाही, ते स्वतःच्या हातचा गिचका भात दोनदा खाल्ल्यावर झालं. आता ही दुकानात दाणा दातांखाली फोडून बघते.

आणि सामान चुकलं तर दारातच तोंड सोडू नये. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढून आलेल्या माणसाला ‘हे काय आणलंस’ असं विचारलं, की पुढच्या महिन्याची यादी तुमच्याच हातात येते, आणि तुमच्याइतकं चोखंदळ माणूस बाजारात तासभर हरवतं. आधी पाणी द्यावं, चहा टाकावा. बदलून मिळणारी वस्तू दुसऱ्या दिवशी शांतपणे बदलून आणावी. बाकीच्यात काय करता येईल ते बघावं. चुकीच्या पोह्यांचेही दडपे पोहे होतात, नव्या तांदळाचे घावन होतात. त्या तिखटाचं मात्र काही होऊ शकलं नाही.

हे सगळं रोजच्या बाजाराचं. वर्षाच्या बेगमीला, म्हणजे कांदा, मिरची, तांदूळ, गहू भरायच्या वेळी, दोघांनी बरोबर जावं. रजा काढावी लागली तरी काढावी. शक्य असेल तिथे आधी थोडं आणून करून बघावं. गहू लोकवन घ्या की सिहोर घ्या, पोतं उचलण्याआधी किलोभर दळून आणा, त्याच्या पोळ्या करा, आणि त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहिल्या तरच दुकानदाराला फोन करा.