नऊची शाळा आणि पोह्यांची बशी

१. थंडीची लाट आली की इंदूरला घराघरांतल्या फोनवर कलेक्टरांचा आदेश फिरू लागतो. कधी लहान वर्गांसाठी, कधी सरसकट: नऊच्या आधी शाळा भरवू नका. एरवी आमच्या गल्लीत साडेसहालाच व्हॅनचा भोंगा वाजतो. मी वर्गशिक्षिका असल्याने या आदेशाचा परिणाम मला मुलांच्या डब्यांतच दिसतो. सातच्या शाळेत मोठ्या सुट्टीचा डबा दुसऱ्या तासालाच बाकाखाली उघडतो. चोरी पकडावी लागत नाही, जीरावन मसाल्याचा वास चुगली करतो. नऊची शाळा झाली की तोच डबा सुट्टीपर्यंत टिकतो.

२. सहाला उठवलेल्या मुलाला भूकच नसते. उठल्यावर थोडा वेळ गेला, इकडेतिकडे वावरलं, की पोट मागू लागतं. ‘खात नाही हो काही’ म्हणणाऱ्या आईला मी आता विचारते, उठून किती वेळ झालेला असतो?

३. आणि सकाळचं खाणं म्हणजे पोहे, ते डब्याला चालत नाहीत. सहाला परतलेले पोहे दहापर्यंत कोरडे ठक्क होतात. आमचे पोहेवाले उगाच नाही पातेलं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवत! ताटलीत वाढलेले, वर शेव भुरभुरलेले पोहे मूल बसून खातं. त्यासाठी घरात सकाळचा निवांत अर्धा तास हवा.

४. तो अर्धा तास सगळ्यांना मिळतोच असं नाही. आईवडील दोघं साडेआठला कामावर निघत असतील तर नऊच्या शाळेचं मूल एकटंच चहाबिस्किटं खाऊन येतं. अशा घरांना सातचीच शाळा सोयीची, आणि त्यांचंही चुकत नाही.

५. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत, असं ठरवलं. चांगलंच झालं. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको म्हटलं ते मोठ्या मुलांसाठी. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कुलांना तसा कायदाच लागू आहे. आपल्याकडे सवलत धाकट्यांना, आणि नववी-दहावीची मुलं पहिल्या तासाला डोळे ताणून बसलेली.

६. झोप लांबवायला आम्ही मोठेही कमी नाही. दिवसा दागिन्यांचा असलेला इंदूरचा सराफा बाजार रात्री खाण्याचा होतो. पाहुणे आले की अकराला तिकडे वरात निघते, लेकरांसकट. गराडू-रबडी खाऊन मध्यरात्रीनंतर झोपलेल्या मुलाला नऊची शाळाही पहाटेचीच वाटते, आणि सकाळी अन्न नकोसं होतं.

७. शाळेची वेळ बदलणं आमच्या हातात नाही, सुट्टीची वेळ बदलणं आहे. छोटी सुट्टी दुसऱ्या तासानंतर द्या, असं मी शाळेत लावून धरलंय. गणिताच्या बाईंचा विरोध आहे, त्यांचा तास तुटतो.