एका प्रश्नाची अनेक उत्तरे : संगणकावर मांडणी कशी करावी?

वस्तीची पाहणी करताना ‘मुलाने शाळा का सोडली?’ असे विचारले, की उत्तर क्वचितच एक असते. खर्च परवडत नाही, शाळा लांब आहे, धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, अशी दोन-तीन कारणे पालक एकदम सांगतात. कार्यकर्ता ती एकाच रकान्यात ‘०१,०३,०४’ अशी लिहितो. संगणक मात्र या सबंध ओळीला एकच उत्तर समजतो आणि ‘०१,०३’ हे त्याला निराळेच उत्तर वाटते.

अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वंशाच्या प्रश्नाला प्रथमच एकाहून अधिक खुणा करण्याची मुभा मिळाली. गटवारीचे वर्ग सहाच, पण त्यांच्या जुळण्या ६३ झाल्या. सुमारे ६८ लाख लोकांनी, म्हणजे २.४ टक्के लोकांनी, एकाहून अधिक वंश नोंदविले. एकच खूण मोजली असती तर त्यांची दुसरी ओळख कागदावर उरली नसती.

उपाय सोपा आहे. जितके पर्याय तितके रकाने करावेत. कारण सांगितले असल्यास १, नसल्यास ०. एसपीएसएस, आर किंवा एक्सेल, कोठेही हे करता येते. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) पर्याय दहा किंवा अधिक असल्यास सांकेतिक अंक ०१, ०२ असे दोन आकडी द्यावेत व मूळ रकाना मजकूर स्वरूपात ठेवावा. अन्यथा १ शोधताना १० आणि ११ सुद्धा मोजले जातात.

(२) ज्याने प्रश्नाला उत्तरच दिले नाही, त्याचे सर्व रकाने रिकामे ठेवावेत. तेथे शून्य घालू नये. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे.

(३) टक्केवारी कशावर काढली ते लिहावे. समजा, १०० पालकांनी मिळून १६० कारणे सांगितली व ४० जणांनी भावंडांचे कारण दिले. पालकांच्या संख्येवर हे ४० टक्के, तर एकूण कारणांवर २५ टक्के होते. पालकांवर काढलेल्या टक्केवारीची बेरीज १०० च्या वर जाते. ती चूक नव्हे.

असे रकाने केले की मुलींची व मुलांची कारणे वेगळी काढून तुलना करता येते. फक्त पहिले कारण मोजले, तर खर्चाच्या आड भावंडांचे कारण झाकले जाते. मग आपण वह्या वाटतो आणि मुलगी घरीच राहते. तिला गरज होती ती पाळणाघराची. म्हणून पालकाने सांगितलेले प्रत्येक कारण मोजणीत आलेच पाहिजे.