वॉर्फडेलकडून केईएफकडे

पुण्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वॉर्फडेलचे डायमंड २२० अनेक वर्षं वाजत होते. आता त्यांच्या जागी केईएफचे एलएस५० मेटा आहेत. दोन्ही जोड्या स्टँडवर ठेवायच्या, लहान चणीच्या. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या घरात गाणं आहे. बायको किराणा घराण्याचं गाणं शिकते आणि त्याच खोलीत मिरजेचा तानपुरा उभा असतो. त्यामुळे स्पीकर बदलताना जे काही शिकलो ते ख्याल, तानपुरा आणि तबला यांच्या अंगानं शिकलो. स्पीकरविषयीचं बहुतेक लिखाण जॅझ, रॉक आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद गृहीत धरून केलेलं असतं. आपलं संगीत ऐकणाऱ्याला त्यातलं बरंचसं लागू पडत नाही, म्हणून हे टिपून ठेवतो आहे.

१. कंपनीचा इतिहास वाचावा, तिची आवड त्यात दिसते

गिल्बर्ट ब्रिग्ज या गृहस्थानं १९३२ साली यॉर्कशरमधल्या इल्कली गावी वॉर्फडेल सुरू केली. १९५४ मध्ये त्यानं लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्यानं घेतला आणि मंचावर प्रत्यक्ष वादन आणि त्याचंच ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवण्याचा जाहीर प्रयोग केला. लोक तिकीट काढून स्पीकर ऐकायला आले! त्याचा तांत्रिक संचालक होता रेमंड कुक, पूर्वी बीबीसीत काम केलेला अभियंता. याच कुकनं पुढे १९६१ मध्ये केंट परगण्यातल्या मेडस्टोनला केईएफ काढली. बीबीसीनं स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी बनवलेल्या एलएस३/५ए या विख्यात छोट्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर दोन्ही केईएफचेच होते.

म्हणजे ब्रँड बदलला तरी मी एकाच घराण्यातल्या दोन गुरूंकडे गेलो होतो. वॉर्फडेलचा कल साध्या घरात, साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज गोड लागावा याकडे. केईएफचा कल मोजमापाकडे. १९७०च्या दशकातच ही मंडळी संगणक वापरून स्पीकर मोजत होती. हा स्वभावातला फरक पहिल्याच संध्याकाळी ऐकू येतो. ‘वरचं मॉडेल’ आणणं वेगळं आणि दुसऱ्या कंपनीचं आणणं वेगळं. दुसऱ्यात आवाजाविषयीचा वेगळा विचार घरी येतो, आणि तो आपल्याला मानवेल का हे किमतीवरून कळत नाही.

२. तुलना झाकून करावी आणि आवाजाची पातळी जुळवून करावी

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीत एक चाचणी घेतली होती. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकले. डोळ्यांसमोर ऐकताना मोठे, देखणे, महागडे स्पीकर वर चढले आणि लहान, स्वस्त स्पीकर खाली गेला. ऐकणारे याच धंद्यातले होते, तरीही!

आम्ही पातळ सुती ओढण्या टाकून दोन्ही जोड्या झाकल्या. जोडणी मी करायचो आणि ऐकायची बायको. पण त्याआधी पातळी जुळवणं अत्यावश्यक आहे. एका डेसिबलनं मोठा वाजणारा स्पीकर हटकून ‘जास्त चांगला’ वाटतो आणि तो मोठा वाजतोय हे मनाला कळतही नाही. मोबाइलवरचं साधं ध्वनिमापक अ‍ॅप आणि खरखरीसारखा पिंक नॉइज एवढ्यानं काम होतं. मोबाइल बसायच्या जागी डोक्याच्या उंचीवर धरायचा, दोन्ही जोड्यांचा आकडा सारखा करायचा, मगच गाणं लावायचं.

३. खरी परीक्षा तानपुऱ्याची

दुकानात स्पीकर दाखवताना हमखास ड्रम आणि बास गिटार लावतात. आपण तानपुरा लावावा, तोही ओळखीचा.

तानपुऱ्याची तार रुंद घोडीच्या उतारावर हलकी घासत कंप पावते, आणि जीव म्हणजे तो सुती दोरा योग्य जागी बसला की जवारी, म्हणजे तो झंकार, खुलते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या या घोडीचा अभ्यास मांडला होता. तार जिथे छेडली तिथे जे स्वरांश (मूळ स्वरासोबतचे वरचे सूर) निघायला नकोत, तेही या घोडीमुळे निघतात असं त्यांना दिसलं. तानपुऱ्याचा नाद म्हणजे एका तारेतून क्रमाक्रमानं वर चढत जाणारे स्वरांश. स्पीकरच्या दृष्टीनं ही फार अवघड गोष्ट आहे, कारण त्यात खालपासून वरपर्यंत सगळं एकाच वेळी वाजत असतं आणि त्याचा तोल क्षणाक्षणाला बदलत असतो. वूफर आणि ट्वीटर यांच्यात कुठे सांधा असेल तर तो जवारी चढताना उघडा पडतो.

डायमंडवर तानपुरा ऊबदार यायचा, पण जवारी वरून शिंपडल्यासारखी वेगळी वाटायची. केईएफवर प्रत्येक तारेचा टणत्कार वेगळा कळतो आणि त्यातूनच गंधार उमलताना ऐकू येतो. बायकोनं झाकलेल्या जोड्यांमधून केईएफ ओळखले ते याच खुणेवरून. शिवाय आम्ही ब्रिग्जचा प्रयोग आमच्यापुरता केला: तिचा तानपुरा चांगल्या मायक्रोफोननं मुद्रित केला आणि त्याच खोलीत प्रत्यक्ष तानपुऱ्याशी ताडून पाहिला. कोणताही स्पीकर त्यात पुरता उत्तीर्ण झाला नाही. भोपळ्याचा अंगावर येणारा भरीवपणा दोघांनाही आणता आला नाही. पण कोण किती जवळ जातो ते स्वच्छ कळलं.

आता खर्जाबद्दल, कारण छोटे स्पीकर घेणाऱ्यानं हे समजून घ्यायलाच हवं. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे १०४ हर्ट्झवर. एलएस५० मेटाचं कागदावरचं माप सांगतं की ७९ हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरायला लागतो. म्हणजे बायकांच्या गाण्यातला खर्ज पूर्ण येतो, पुरुषांच्या गाण्यात खर्जाचा मूळ कंप थोडा मागे राहतो. तरीही खर्ज हरवल्यासारखा वाटत नाही, कारण वरचे स्वरांश शाबूत असले की आपला कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. आणि खोलीच्या भिंतीही खालच्या आवाजाला हातभार लावतात. ज्यांना मूळ कंपच छातीवर हवा असेल त्यांनी या मापाच्या स्पीकरकडे वळू नये.

४. खोली ही तिसरा स्पीकर आहे

आपली घरं म्हणजे सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. युरोपातल्या गालिचे घातलेल्या खोलीत जो स्पीकर शांत वाजतो, तो इथे कर्कश वाटू शकतो. भिंतींचं अंतरही बोलतं. बारा फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांत सुमारे ५६ हर्ट्झ घुमतात, आणि त्यांच्या दुपटीलाही घुमारा असतोच. डग्ग्याचा आवाज नेमका या टापूत फिरतो.

आम्ही जमिनीवर जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट ओढून आणलं आणि बाजूच्या भिंतीवर, जिथून आवाज पहिल्यांदा उसळून येतो तिथे, गोधडी टांगली. जागा शोधायची युक्ती सोपी आहे. एकानं भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. ऐकणाऱ्याला आरशात स्पीकर दिसला की गोधडीची जागा तीच. एवढ्यानं जो फरक पडला तो कित्येकांना हजारो रुपयांच्या अ‍ॅम्प्लिफायरनं मिळत नाही असं मी ठामपणे म्हणेन. नवे स्पीकर घेण्याआधी गोधडी टांगून जुनेच पुन्हा ऐकावेत. काहींची खरेदी तिथेच टळेल.

५. जागा ठरवायला मोनो गाणं

१९५१ च्या ‘अमर भूपाळी’तली लताबाई आणि पंडितराव नगरकर यांची भूपाळी मी यासाठी वापरतो. मुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तेच वाजतं. मांडणी बरोबर असेल तर दोन्ही गळे बरोब्बर मधोमध, एका ठिकाणी ऐकू येतात. आवाज पसरट वाटला किंवा एका बाजूला ओढला तर स्पीकर इंच-इंच सरकवत राहायचं. दोन स्पीकर आणि आपण असा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला, ही सुरुवात.

केईएफच्या युनि-क्यू रचनेत ट्वीटर वूफरच्या ऐन मध्यावर बसवलेला असतो. १९८८ पासून ते ही रचना वापरतात. गळ्याचा खालचा आणि वरचा भाग एकाच बिंदूतून येतो, त्यामुळे गाणारी व्यक्ती समोर बसल्याचा भास घट्ट होतो. आणि शेजारी शेजारी बसून दोघांना ऐकता येतं! एकानं चांगली जागा अडवायची आणि दुसऱ्यानं कोपऱ्यात बसायचं, हे आमच्या घरात आता संपलं.

६. वॅटचं गणित

एलएस५० मेटाची संवेदनशीलता ८५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलनं वाढवायला दुप्पट वॅट लागतात, दहा डेसिबलनं वाढवायला दहापट. रात्रीच्या बैठकीला एखादा वॅटही पुरतो. पण तबलजीनं समेवर दिलेली थाप सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उडी घेते, आणि त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडला तर थाप बोथट होते. शिवाय या स्पीकरचा रोध नावाला ८ ओहम असला तरी काही स्वरांवर साडेतीनपर्यंत उतरतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून विद्युतप्रवाह जास्त मागतो. कंपनी ४० ते १०० वॅट सुचवते. जुन्या स्पीकरसोबत सुखानं चाललेला लहान अ‍ॅम्प्लिफायर इथे पुरेलच असं नाही, तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना तोही धरावा.

७. वायर

घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. चार मीटरसाठी तिचा रोध ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जोडण्या आणि बनाना प्लग सगळं मिळतं. दोन्ही स्पीकरचे अधिक-उणे तेवढे तपासावेत. एका बाजूचं उलटं लागलं तर खर्ज पातळ होतो आणि गळा मध्यावर थांबत नाही.

८. ‘वाजून वाजून खुलतील’ यावर विसंबू नये

नव्या वूफरची लवचीक कड सुरुवातीला जराशी सैलावते, हे खरं. पण पहिल्या दिवशी खुपणारा आवाज महिन्यानं गोड होतो तेव्हा बहुतेक वेळा आपला कान सरावलेला असतो. परत करायची मुदत संपेपर्यंत वाट पाहायला कोणी सांगत असेल तर ऐकू नये.

९. काही तबकड्या आवडेनाशा होतात, काही नव्यानं भेटतात

नेमका स्पीकर मुद्रणाचे गुणदोष लपवत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ चं. संतूर, बासरी आणि गिटार आपापल्या जागी बसलेले ऐकताना मन भरून येतं. किशोरीताई आमोणकरांच्या स्वरमंडळाच्या तारा गळ्यामागे वेगळ्या दिसतात. बैठकीत खरा तानपुरा होता की विजेवरचा, हेही सांगता येतं. उलट कृत्रिम घुमारा भरलेली अलीकडची भक्तिगीतं असह्य होतात.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर खरखर आधीपेक्षा स्पष्ट येते. तिथे मी बेधडक ट्रेबल कमी करतो. टोन कंट्रोल म्हणजे पाप असं मानणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. खाँसाहेबांचा सूर ऐकायचा आहे, तबकडीचा खरखरीतपणा नव्हे. रात्री हळू आवाजात बास थोडा वाढवणंही योग्यच, कारण आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी ते १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. अ‍ॅम्प्लिफायर घेताना ही दोन बटणं आहेत का ते पाहावं.

१०. जुने स्पीकर कुठे जातील ते आधी ठरवावं

नवे आले की लगेच जुने विकू नयेत. नव्याचं नवेपण ओसरल्यावर दोन्ही पुन्हा ऐकावेत. आमचे डायमंड आता साताऱ्याला आईकडे आहेत, भिंतीतल्या फडताळात. केईएफचं भोक पाठीमागे असल्यानं त्याला भिंतीपासून मोकळी जागा लागते आणि अगदीच नाइलाज झाला तर सोबत मिळणारे स्पंजचे बोळे त्यात घालावे लागतात. डायमंड २२० चं भोक तळाशी आहे, हवा खालच्या फटीतून बाहेर पडते, म्हणून ते भिंतीलगतही बरे वाजतात. आईला दिवसभर नाट्यगीतं आणि आकाशवाणी हवी असते, खुर्चीत बसून नव्हे तर स्वयंपाकघरात वावरताना. त्या कामाला त्यांचा ऊबदार, न खुपणारा आवाज केईएफपेक्षा मला अधिक योग्य वाटतो, आणि तिलाही. फडताळाची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तेवढ्यासाठी जून लागला की ते चार महिने स्टुलांवर येतात.