सुरतेचा इतिहास दुरून शिकविताना

प्रादेशिक इतिहास शाळेत शिकवावा, याबद्दल आता फारसे दुमत नाही. तो दुरून शिकविता येईल काय, हा मात्र वादाचा विषय आहे. ज्या विषयाचे सारे बळ गावातल्या दगडमातीत, तो पडद्यावरून कसा शिकवायचा, असे एका प्राध्यापक मित्रांनी मला विचारले. सुरतेतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीच्या मुलांना बेळगावहून दृक्-श्राव्य संपर्काने मी चार पाठ दिले. त्या अनुभवावरून बनलेले माझे मत येथे मांडतो.

हा प्रयोग आपल्याकडे अगदीच नवा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ योजनेखाली सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेडीही होती. पण ती वाट एकेरी होती. मूल पाहत असे, विचारू शकत नसे. २००४ साली सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहामुळे काही वर्गांना दुहेरी वाट मिळाली. तो उपग्रह २०१० मध्ये निवृत्त झाला. आज हे काम साध्या मोबाईलवर होते. यंत्राची अडचण सरली, पाठ मात्र बहुधा अजून एकेरीच राहिला आहे.

सुरतेची मराठी मुले बहुतांशी खानदेशातून यंत्रमागाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांतली. घरात अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती. यांना जानेवारी १६६४ ची शिवाजी महाराजांची स्वारी शिकवायची होती. पाठटाचणात मी कारणे, घटना, परिणाम असा नेहमीचा क्रम लिहिला होता. पाठ सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, लुटणारे आपण, की लुटले गेले ते आपण?”

वर्गात कोणी हसले नाही. त्या मुलांना हा प्रश्न शेजारपाजारी ऐकावा लागतो, हे मला नंतर त्यांच्या बाईंकडून कळले. एकेरी प्रक्षेपणात तो माझ्यापर्यंत आलाच नसता.

उत्तर देण्याऐवजी मी पुढच्या आठवड्याचे काम दिले. मी किल्ला पाहू शकत नव्हतो, ती पाहू शकत होती. तेव्हा तापीकाठचा किल्ला, मुघलसराई (१६४४ ची ही धर्मशाळा आज महानगरपालिकेची कचेरी आहे) आणि इंग्रजांचे कबरस्तान येथे जाऊन काय दिसते ते मला सांगायचे. किल्ल्यापासून मुघलसराईपर्यंत पावले मोजायची. शहराला तेव्हा पक्का तट नव्हता. विटांचा तट स्वारीनंतर उभा राहिला. म्हणून जुन्या वेशींची नावे आजच्या कुठल्या वस्त्यांना चिकटली आहेत, हेही शोधायचे.

दुसऱ्या पाठात बोलणारे तेच, ऐकणारा मी. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि व्यापारी शहर उघडे राहिले, हे मी सांगण्यापूर्वीच एका मुलाने अंतरावरून ताडले. मग साधने पुढे ठेवली: जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर, इंग्रज वखारीचा पाद्री एस्कलियट याचे पत्र, आणि सुरतेचेच कवी नर्मद यांनी गुजरातीत लिहिलेली शहराची हकीकत. मोगलांच्या तिजोरीवर घाव घालणारा राजा आणि वीरजी व्होराची लुटली गेलेली पेढी ही दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच शहरात होती. गुजराती साधन मुलांनी मला वाचून दाखविले, कारण ती लिपी त्यांना माझ्यापेक्षा अधिक सराईतपणे वाचता येते.

कानडी विभागाच्या वाचकांना हे परके वाटू नये. बेळवडीची मल्लम्मा आपल्या जिल्ह्यातली. कर्नाटकाच्या स्वारीहून परतणाऱ्या मराठी फौजेला तिने अडविले. कानडी वर्गात ती नायिका आहे. मराठी वर्गात तिचे नाव क्वचितच निघते. दोन्ही वर्गांना एका पडद्यावर बसवून तो पाठ घ्यावा असे मला वाटते. दोन्हीकडचे शिक्षक आधी थोडे नाराज होतील, ते चालेल.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. चाळीस मुलांपुढे एकच पडदा असला की मागच्या बाकांचा आवाज पोहोचत नाही, म्हणून दर पाठाला बोलणारी सहा मुले आम्ही आलटूनपालटून पुढे बसवीत होतो. मुलांबरोबर फिरायला वर्गातली शिक्षिका नसेल तर सारे व्यर्थ. ते काम माझे नव्हते, त्या बाईंचे होते, आणि त्यांनी ते रविवारी केले.

त्या मुलीने चौथ्या पाठाला आपले उत्तर स्वतः लिहून आणले. तिने दोन रकाने आखले होते, एका मथळ्यात ‘माझ्या आजोबांचे गाव’, दुसऱ्यात ‘माझे गाव’. १६७० ची दुसरी स्वारी आणि त्यानंतरची वणी-दिंडोरीची लढाई कुठल्या रकान्यात घालायची, हे तिने मला विचारले आहे. तो पाठ दिवाळीनंतर आहे.