घटक ४ : बिनतारी संगणकजाळे – मूलभूत संज्ञा आणि संकल्पना

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• बिनतारी जाळ्यातील मूलभूत संज्ञांचे अर्थ सांगता येतील.
• जोडणी मंदावण्याची किंवा तुटण्याची कारणे ओळखता येतील.
• सार्वजनिक ठिकाणचे जाळे वापरताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘तार’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ मिळाले : धातूची तार आणि तिच्यावरून आलेला संदेश. पुढे तारेवाचून संदेश जाऊ लागले आणि ‘बिनतारी संदेश’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘बिनतारी’ हा शब्द मात्र टिकला. आज वाय-फाय जोडणीलाही आपण तोच शब्द लावतो.

हा शब्द काय नाही एवढेच सांगतो. तारेच्या जागी काय आले, हे सांगत नाही. तारेच्या जागी रेडिओ लहरी आल्या आणि त्या ज्या अवकाशातून जातात तो सर्वांना सामायिक आहे. या एका फरकातून प्रस्तुत घटकातील बहुतेक संकल्पना उलगडतात.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ राउटर आणि ॲक्सेस पॉइंट

लहरींद्वारे साधनांना जाळ्यात घेणारे उपकरण म्हणजे ॲक्सेस पॉइंट. घरातील जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडून माहितीला मार्ग दाखवणारे उपकरण म्हणजे राउटर. घरगुती वापरात ही दोन्ही कामे बहुधा एकाच पेटीत होतात. तुमचा मोबाइल आणि ही पेटी यांच्यामधील काही मीटरचे अंतर बिनतारी असते. पुढचा प्रवास मुख्यतः केबलमधूनच होतो. भारताला इतर देशांशी जोडणाऱ्या अनेक समुद्री केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात.

म्हणून पडद्यावरील वाय-फायच्या रेषा पूर्ण दिसत असूनही इंटरनेट बंद असू शकते. त्या रेषा केवळ राउटरकडून येणाऱ्या संकेताची तीव्रता दर्शवतात. परीक्षा अर्ज भरताना जोडणी खंडित झाली, तर प्रथम रेषा पाहाव्यात. त्या क्षीण असतील तर राउटरच्या जवळ जावे. त्या पूर्ण असूनही कोणत्याच साधनावर एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे असतो; अशा वेळी जागा बदलून उपयोग होत नाही.

४.३.२ वारंवारता आणि चॅनल

लहर एका सेकंदात जितकी आवर्तने पूर्ण करते, ती तिची वारंवारता होय. वाय-फायसाठी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे पट्टे वापरले जातात. त्यांची तरंगलांबी अनुक्रमे सुमारे १२.५ आणि ६ सेंटिमीटर असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक चांगल्या पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झचा पल्ला कमी, पण वेग सामान्यतः अधिक असतो.

प्रत्येक पट्ट्याचे चॅनल नावाचे विभाग केलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झमधील लगतचे चॅनल एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे चॅनल मात्र परस्परांपासून पुरेसे दूर आहेत. एका चॅनलवर साधारणतः एका वेळी एकच साधन बोलते आणि इतर थांबतात. दाट वस्तीच्या इमारतीत अनेक राउटर एकाच चॅनलवर असल्यास प्रत्येकाचा वेग घटतो, याचे कारण हेच. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याच्या आसपास चालत असल्याने तिचा व्यत्यय येऊ शकतो.

४.३.३ वेग

वेग ‘मेगाबिट प्रति सेकंद’ या एककात सांगतात, तर फाइलचा आकार ‘मेगाबाइट’मध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे ८ मेगाबिट वेगाने ४० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास किमान ४० सेकंद लागतात, ५ नव्हे.

वाय-फायचे मूळ मानक ८०२.११ हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा कमाल वेग २ मेगाबिट प्रति सेकंद होता.

४.३.४ सुरक्षितता

लहरी भिंतीशी थांबत नाहीत. टप्प्यातील कोणालाही त्या टिपता येतात. म्हणून मजकूर कुलूपबंद करून पाठवावा लागतो. या प्रक्रियेस कूटलेखन म्हणतात. डब्ल्यूईपी या पहिल्या पद्धतीतील दोष २००१ पर्यंत उघड झाले. ती आज वापरू नये. २००४ मधील डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मधील डब्ल्यूपीए३ निवडावी.

जाळ्याच्या नावास एसएसआयडी म्हणतात. हे नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे. स्थानकाचे किंवा ग्रंथालयाचे नाव आपल्या जाळ्याला कोणीही देऊ शकतो. त्यामुळे पासवर्ड नसलेल्या अनोळखी जाळ्यावर बँकेचे व्यवहार टाळावेत. पत्त्यापूर्वीचे ‘एचटीटीपीएस’ वाटेतील मजकुराचे रक्षण करते. समोरचे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, याची हमी देत नाही.

४.४ सारांश

तार बहुधा दोन टोकांपुरती असते; लहरींचा अवकाश सर्वांचा असतो. अंतर आणि भिंती यांमुळे संकेत क्षीण होतो, गर्दीमुळे वेग घटतो आणि खुलेपणामुळे कूटलेखन अपरिहार्य ठरते.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. रेषा पूर्ण असूनही इंटरनेट का चालत नाही, ते सकारण सांगा.
२. १६ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने ६० मेगाबाइटची फाइल उतरवण्यास किमान किती वेळ लागेल?
३. ‘जाळ्याचे नाव ही त्याची ओळख असते, खात्री नव्हे.’ चर्चा करा.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा अभ्यासकेंद्रातील राउटरची सुरक्षापद्धती कोणती आहे, ते पाहून नोंद करा.