माशाचा फोटो आणि फ्लॅशचा हिशोब

शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी जरा मिक्स आहे, सांभाळून घ्या. विषय मात्र दोन महिने डोक्यात घोळतो आहे: फिशटँकमधल्या माशाचा फोटो काढायचा असेल, तर कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवायचा फ्लॅश कोणता घ्यावा?

लायब्ररीच्या पॅसेजमधला आमच्या नेचर क्लबचा टँक तुम्ही पाहिला असेलच. (मेसकडे पळताना दिसत नसेल, तर एकदा थांबा.) त्यात बाजारातला गोल्डफिश नाही, मावळातल्या एका ओढ्यातले मासे आहेत. त्यातले दोन मल्या. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये घातली. म्हणून आजही जगभर त्याचं शास्त्रीय नाव 'गारा मुल्या' असंच आहे. हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो, त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. टँकमध्ये दगडाऐवजी काचेला चिकटतो, म्हणजे चकती थेट आपल्यासमोर!

आम्हाला इंद्रायणीच्या पोस्टरसाठी नेमका तोच फोटो हवा होता. आळंदीचा फेस सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेला असतो, त्या पाण्याच्या वरच्या अंगाला काय राहतं ते कोणी पाहिलेलं नसतं. आणि सरांची अट होती की पावसाळ्याआधी मासे त्याच ओढ्यात परत सोडायचे. म्हणूनच टँकमध्ये बाहेरचा एकही मासा टाकायचा नाही, रोग जायला नको. थोडक्यात, माझ्याकडे दोन महिने होते.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने बारा फोटो काढले. बाराही फोटोंत एक पांढरा गोळा, आणि त्याच्यामागे मी, गळ्यात आयकार्ड घालून. मल्या गायब. मला वाटलं, फ्लॅश कमी ताकदीचा आहे. चाकणच्या इंटर्नशिपचा एक पूर्ण स्टायपेंड घालून महागडा ऑटोमॅटिक फ्लॅश घ्यायचा असं मी ठरवूनही टाकलं होतं.

वाचवलं ते चाकणनेच. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये पॉलिश केलेल्या शाफ्टवरचे ओरखडे कॅमेऱ्याने शोधायचं काम चालायचं. मला ओरखडा दिसेना म्हणून मी दिवा मोठा करायला गेले, तर तिथले एक दादा म्हणाले, "अगं, उजेड वाढवू नको, दिवा हलव." त्यांनी दिवा अगदी तिरपा, खाली आणला. शाफ्ट काळा पडला आणि ओरखडा चमकला! माशाचा खवलाही शाफ्टसारखाच. त्यात ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात, ते आरशाचं काम करतात. समोरून उजेड मारला तर आरसा उजेडच परत देणार. म्हणजे पैसे ताकदीवर नाही, दिवा हलवता येण्यावर घालायला हवे होते.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, क्रांतिक कोन साधारण ४८.६ अंश. टँकच्या वरून, उघड्या पाण्यातून आत गेलेला किरण कितीही तिरका टाका, पाण्यात तो उभ्या रेषेपासून ४८.६ अंशांपलीकडे झुकूच शकत नाही. मग तो समोरच्या काचेवर आपटतो तेव्हा एक तर पूर्ण परावर्तन होऊन आतच राहतो, नाही तर साठ अंशांहून जास्त खाली झुकून बाहेर पडतो. दोन्ही बाबतीत समोर आडव्या धरलेल्या लेन्समध्ये तो थेट येत नाही. येतो फक्त माशावरून विखुरलेला उजेड. हे मी मेसच्या टिश्यू पेपरवर सोडवलं तेव्हा खरंच ओरडले. (अट एकच, पाणी सपाट हवं. फोटोपुरता हवेचा पंप बंद.)

ताकदीचा हिशोब तर आणखी गमतीचा आहे. गाईड नंबर म्हणजे फ्लॅशपासूनचं मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चर, आयएसओ १०० ला. जाहिरातीतला ६० हा आकडा बहुधा २०० एमएम झूमचा असतो, त्याला भुलू नका. साधा २८ चा फ्लॅश धरा. मासा अर्ध्या मीटरवर, अ‍ॅपर्चर ८, म्हणजे गरज फक्त ४ ची. ताकद वर्गात मोजतात, २८ भागिले ४ म्हणजे ७, त्याचा वर्ग ४९. म्हणजे जवळजवळ पन्नासावा हिस्सा पुरतो! दुधी पडद्यात आणि पाण्यात उजेड खर्च होतो, तरी आठव्या हिश्श्यावर भागतं. शिवाय ताकद कमी केली की फ्लॅशची चमक छोटी होते. पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाचा तीनशेवा भाग, चौसष्टाव्या हिश्श्यावर वीस हजारावा भाग. मासा जागीच गोठतो.

म्हणून ऑटोमॅटिक सोडून साधा मॅन्युअल फ्लॅश घ्या. टँक हलत नाही, अंतर बदलत नाही, एकदा सेट केलं की झालं. मी गोडॉक्स टीटी६०० घेतला, कारण रेडिओ रिसिव्हर त्याच्या पोटातच आहे, कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर लागतो. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणारे स्लेव्ह स्वस्त पडतात, पण त्यासाठी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पेटवावा लागतो आणि तोच काचेत दिसतो. घरातला काकांचा जुना रोलच्या काळातला फ्लॅश वापरणार असाल तर आधी मल्टिमीटर लावा. काहींच्या पायावर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात, डिजिटल कॅमेरा जाऊ शकतो. शटर मात्र २०० च्या पुढे नेऊ नका. मी नेलं आणि अर्धा फोटो काळा आला.

बाकी खर्च किरकोळ. भोसरीच्या अ‍ॅक्रिलिकवाल्याकडून उरलेला दुधी तुकडा आणला, तो टँकवर झाकण म्हणून ठेवला. उजेड पसरतो आणि फ्लॅश पाण्यात पडत नाही. तरी फ्लॅश दोरीने बांधाच, आत सुमारे तीनशे व्होल्टचा कपॅसिटर असतो. पॅसेजचे दिवे वॉचमनकाकांनी बंद करून दिले. लेन्सभोवती काळं कापड धरलं आणि कॅमेरा काचेला काटकोनात ठेवला, तिरपा धरला की कडा रंगीत होतात. पहिल्या चमकेला मासे दचकले, म्हणून दर फोटोनंतर दोन मिनिटं थांबत होते.

तीन रात्रींत एकशे चाळीस फोटो. त्यातल्या एकात मल्या काचेला चिकटलेला आहे आणि चकतीची कडसुद्धा मोजता येते. तो पोस्टरवर लागला. मासे जूनच्या पहिल्या आठवड्यात ओढ्यात सोडले. दुसऱ्या मल्याने मात्र शेवटपर्यंत पाठच दाखवली.